समाससरांची सोपी आवृत्ती

समाससरांचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ते तत्त्वज्ञान शिकवायचे आणि बोलताना चार-चार शब्द एकमेकांना असे चिकटवायचे, की मागच्या बाकावरची मुलं समास सुटेपर्यंत श्वास रोखून बसत. कुणा वात्रट विद्यार्थ्याने त्यावरून हे नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं. सरांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांना राग आला नाही. ‘नावातला समास कोणता, ते त्या मुलाला ओळखता येतं का?’ एवढीच त्यांनी चौकशी केली म्हणे.

तरुणपणी सरांनी एक लहानसं पुस्तक लिहिलं होतं. ज्याला आत वळून बघायचं आहे, मन कसं चालतं, शांत कसं होतं, दुःखाशी कसं वागावं हे जाणून घ्यायचं आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशा अगदी नवख्या माणसासाठी. घरात सगळे त्याला ‘प्रवेशिका’ म्हणत. त्या प्रवेशिकेचं पहिलंच वाक्य असं होतं : ‘बाह्यविषयासक्त चित्तवृत्तींच्या अविरत प्रवाहाचे निर्लेप साक्षीभावाने अवलोकन करणे, हीच अंतर्मुखतेच्या प्रदीर्घ यात्रेची प्रथम पदनिक्षेपभूमी होय.’

नवखा माणूस तिथूनच परत फिरायचा. सरांची बायकोही फिरली होती. पुस्तक नवं असताना तिने एकदा मोठ्या हौसेने ते उघडलं आणि ‘पदनिक्षेपभूमी’पाशी पोचेपर्यंत गॅसवरचं दूध उतू गेलं. त्यानंतर तिने त्या वाटेला जायचं सोडून दिलं. कुणी विचारलंच, तर म्हणायची, “मी लेखकच घरी आणलाय. पुस्तक कशाला हवं?”

त्यांची एकुलती एक मुलगी छकुली. पन्नाशीला टेकली, केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढत गेला, तरी घरी ती छकुलीच. लग्न तिने केलं नाही. जमलं नाही म्हणा किंवा जमवलं नाही म्हणा, ती स्वतःच ते हसण्यावारी न्यायची. कपडे धुण्याचं यंत्र, मिक्सर, पाणी तापवायची टाकी असल्या वस्तूंच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते ना, ती लिहिण्याचं तिचं काम. ‘यंत्र सपाट जागेवर ठेवा. ओल्या हाताने प्लग लावू नका.’ ती हे इतकं नेटकं लिहायची, की कंपन्या तिला सोडायला तयार नसत. सर मात्र त्याला ‘बटणवाङ्मय’ म्हणत. ते गमतीने म्हणत, पण छकुलीला ती गंमत कधी फारशी गंमत वाटली नाही.

लहानपणी ती त्यांच्या अभ्यासिकेच्या दाराशी जाऊन उभी राहायची. बाबा काय लिहितात ते तिला विचारायचं असायचं. आतून एकच शब्द यायचा, “नंतर.” तो कठोर नसायचा, पण दार उघडायचाही नाही.

मागच्या वर्षी सरांना मेंदूचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात थोडा लुळा पडला, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. पण शब्द गेले. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येत, त्यांनी घरच्यांना समजावून सांगितलं, की माणूस आत सगळा शाबूत आहे, फक्त शब्दांच्या कपाटाची किल्ली हरवली आहे. आणि लांब वाक्य ऐकलं, तर शेवटापर्यंत पोचता पोचता सुरुवात हातून निसटते. तेव्हा बोला, पण थोडं थोडं बोला.

गेलेल्या सगळ्या शब्दांतून एक तेवढा मागे राहिला, तोच जुना. पाणी हवं असलं तरी “नंतर”, खिडकी लावायची असली तरी “नंतर”, आणि आई शेजारी येऊन बसली की अगदी मऊ आवाजात “नंतर, नंतर.” त्यातला कुठला काय सांगतो हे आई सुरावरून ओळखायची. छकुली शिकत होती.

अशात एका सकाळी प्रकाशक घरी आला. हा सरांचाच जुना विद्यार्थी. मामाची प्रकाशनसंस्था त्याच्या गळ्यात पडली होती, तिच्याबरोबर सरांची प्रवेशिकाही. सरांना वाकून नमस्कार झाला, विचारपूस झाली, मग तो छकुलीला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, खरं सांगू? लोक अजून हे पुस्तक उचलतात. दवाखान्यात जाता-येता, कुणी गेलं-बिगेलं की, झोप लागत नाही म्हणून. पहिलं पान वाचतात आणि आपल्यालाच अक्कल नाही असं समजून परत ठेवून देतात. मला याचं फार वाईट वाटतं. आत जे आहे ते खरंच त्यांच्यासाठी आहे हो.”

“तुला कळलंय ते?”

“नापास झालो होतो मी सरांच्या विषयात. दुसऱ्यांदा सरांनी घरी बोलावून शिकवलं, तेव्हा कळलं,” तो ओशाळून हसला. “सोपी आवृत्ती काढावी म्हणतो. आणि ती तुम्हीच करू शकाल.”

“मी? मी बटणवाली बाई.”

“म्हणूनच.”

ती लगेच हो म्हणाली नाही. बापाच्या पुस्तकाला कात्री लावायची, तीही बाप ‘नको’ म्हणू शकत नाही अशा वेळी, हे तिला बरं वाटेना. शेवटी तिने सरांनाच विचारलं. “बाबा, तुमचं पुस्तक मी सोपं करू?”

सर तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “नंतर.”

“हा कुठला?” तिने आईला विचारलं.

आई विचारात पडली. “हा नाही ओळखला बाई मी. नवीनच दिसतोय.”

म्हणून छकुलीने प्रवेशिका आणली, त्यांच्या समोर बसली आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. सर ऐकत होते. ‘चित्तवृत्तींच्या’पर्यंत त्यांचे ओठही हलले. मग कपाळाला आठी पडली, ओठ थांबले. तिने पुन्हा वाचलं. त्यांनी डावा हात पुढे करून पुस्तक घेतलं, डोळ्यांजवळ धरलं, ओळीवरून बोट फिरवलं, परत मागे नेलं. स्वतः रचलेल्या वाक्यात ते वाट चुकले होते. पुस्तक मांडीवर मिटून त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे बघत बसले.

छकुलीला गलबलून आलं. ती आत गेली, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर येऊन म्हणाली, “बाबा, मी हे तुमच्यासाठीच सोपं करते. तुम्हाला कळलं की डावा हात वर करा. नाही कळलं किंवा नाही पटलं, तर हात खाली आपटा. झालं?”

डावा हात हळूच वर गेला.

पहिला खर्डा तिने सवयीने भराभर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर वाचून दाखवला. “एक. शांत जागी बसा. दोन. डोळे मिटा. तीन. श्वासाकडे लक्ष द्या. सूचना : विचार आल्यास घाबरू नये.”

सरांचा हात टेबलावर असा आपटला, की कप नाचला. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. “मन जास्त तापलं तर प्लग काढायचा का गं?” तिने तिथूनच विचारलं.

छकुलीला आधी राग आला, मग हसू. तिने कागद फाडला. वाक्य तोडलं म्हणजे सोपं झालं, असं ती धरून चालली होती. तोडताना आतलं काही सांडलं की काय, हे बघायचं राहून गेलं होतं. यंत्राला फक्त चालायचं असतं. माणसाला कशाला बसायचं डोळे मिटून, हे आधी सांगायला हवं होतं, आणि तेच सरांच्या त्या अजस्र समासांत कुठेतरी दडलेलं होतं.

मग ती दमाने घेऊ लागली. रोज सकाळी सरांचा व्यायाम आटपला, की दोघं खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. ती एक परिच्छेद आपल्या शब्दांत वाचायची, हात वर जायचा किंवा खाली यायचा. खाली आला की ती दुसरं करून बघायची. कधी सगळी सकाळ एका ओळीवर जायची. कधी सर नुसती मान तिरकी करत, म्हणजे ‘जवळ आलीस, पण अजून नाही.’ छकुलीला ते कळू लागलं होतं.

एक गोष्ट ती कुणाला सांगत नव्हती. सकाळ झाली की तिला आनंद व्हायचा. खोलीत जावं, तर बाबा आधीच टेबलाशी येऊन बसलेले, दाराकडे डोळे लावून. वाट बघत. तिची! त्यांच्या आजारपणातून आपल्याला हे मिळालं, या विचाराने तिला स्वतःची लाज वाटायची, आणि तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा तसाच आनंद व्हायचा.

अडलं ते ‘साक्षीभाव’ या शब्दाशी. ‘स्वतःवर लक्ष ठेवा,’ असं तिने लिहिलं. हात खाली. ‘स्वतःकडे बघत राहा.’ खाली. ‘मनावर नजर ठेवा.’ या वेळी हात आपटलाच, वर सर वैतागून म्हणाले, “नंतर! नंतर!”

“अहो बाबा, मग काय लिहू? तुम्हीच सांगा ना!” तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

सर काठी टेकत उठले. त्यांनी तिचं मनगट धरलं, खुर्ची खिडकीला लावायची खूण केली, तिला बसवलं आणि शेजारच्या खुर्चीत स्वतः बसले. मग बोट खाली रस्त्याकडे. बघ.

खाली औषधांचं दुकान, चपला शिवणाऱ्याची टपरी, बसथांबा. छकुली बघू लागली. एक जाडेला गृहस्थ काखेत कागदांचं भेंडोळं घेऊन बसमागे धावत होता, भेंडोळं सुटलं आणि कागद रस्ताभर झाले. “अरेरे!” म्हणत ती अर्धवट उठली. सरांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती बसली. बस गेली. गृहस्थाने कागद गोळा केले, रुमालाने मान पुसली आणि थांब्यावर उभा राहिला.

थोड्या वेळाने एक टेम्पो आणि एक रिक्षा समोरासमोर अडकले. दोघे चालक खाली उतरून हातवारे करू लागले. बघता बघता छकुली पुटपुटली, “चूक त्या टेम्पोवाल्याचीच आहे. केवढा घुसलाय!”

सरांनी बोट वर केलं. आधी ते रस्त्याकडे रोखलं, मग हळूच तिच्या कपाळाला टेकवलं.

भांडण तिथे खाली चाललं होतं. टेम्पोवाल्यावरचा राग मात्र इथे आत होता, कपाळाच्या अलीकडे. आणि आता तोही दिसत होता, रस्त्यावरच्या रिक्षाइतका स्पष्ट. दिसला, आणि मग जरा ढिला पडला.

“हे?” तिने विचारलं. “बाबा, हेच का ते?”

डावा हात वर गेला, आणि वरच राहिला.

त्यानंतरही दोघं रस्ता बघत बसून राहिले. आई चहा घेऊन आली तर हे दोघं खिडकीत, एकाचाही चेहरा फिरेना. “रस्त्यावर काय सर्कस आली आहे?” तिने विचारलं आणि तीही स्टूल ओढून बसली.

दुपारी छकुलीने एकटाकी लिहून काढलं : ‘खिडकीत बसा. खालचा रस्ता वाहतो आहे, वाहू द्या. कुणी बस पकडेल, कुणाची सुटेल. तुम्हाला धावायचं नाही. बघता बघता तुम्ही कुणाची तरी बाजू घ्याल. घेतलीत, हेही बघा. मनाकडे असंच बघतात. या बघण्याला साक्षीभाव म्हणतात.’ अवघड शब्द तिने टाकला नाही. आधी दार उघडलं आणि मग त्यावर पाटी लावली. तिला वाटलं, मूळ पुस्तकात हेच उलटं झालं होतं.

बाकीचं पुस्तक त्या मानाने सरळ गेलं. शेवटी राहिलं दुःखाचं प्रकरण. त्यात एक वाक्य होतं : ‘जे गेले ते गेलेच, आणि तरीही ज्या अर्थी त्यांच्या जाण्याने रिकामी झालेली जागा आपल्या आत अजून उबदार आहे, ज्या अर्थी त्या जागेपाशी आपण अजून हलक्या पावलांनीच जातो, त्या अर्थी प्रेम म्हणून जे काही आहे ते देहाच्या आधाराने राहत असले तरी देहाबरोबर जात नाही, एवढे तरी माणसाने, ते सिद्ध करण्याच्या भरीस न पडता, जपून ठेवावे.’

छकुलीने त्याची चार वाक्यं केली. चांगली झाली होती, स्वच्छ, सुटसुटीत. तिने वाचली. हात खाली. तिने तीन केली. खाली. मग सरांनी जुनं पुस्तक मागितलं, ते पान काढलं आणि त्या वाक्यावर तळवा ठेवला. झाकूनच ठेवला जणू.

“बाबा, पण हे तुम्हाला तरी—” ती थांबली. मग म्हणाली, “बरं. वाचते.”

तिने ते सबंध, सावकाश वाचलं. सर डोळे मिटून ऐकत होते. शेवटापर्यंत पोचताना सुरुवात त्यांच्या हातून निसटली असणारच. पण चेहऱ्यावर आठी नव्हती. ओळखीच्या रस्त्याने कुणीतरी हात धरून नेत असावं, तसे ते ऐकत होते.

“त्यांचा भाऊ गेला ना, त्या वर्षी लिहिलंय ते,” आई दारातून म्हणाली. “घरभर फिरत होते, तोंडाने पुटपुटत. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणाले, वाक्य संपत नाहीये. मी म्हटलं, नका संपवू, कुणी घाई केली आहे?”

छकुलीने ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं. प्रकाशकाने छापायला घेताना हरकत घेतली, “ताई, सगळं इतकं छान सोपं झालंय, आणि इथे वाचक अडखळेल.”

“अडखळू दे. इथे मुद्दामच थांबायचं आहे,” ती म्हणाली. “त्याआधी एक ओळ घातली आहे मी, वाचलीस का?”

ती ओळ अशी होती : ‘पुढचं वाक्य लांब आहे. घाई करू नका. जवळच्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही नुसतं ऐका.’

प्रकाशकाने ती ओळ पुन्हा वाचली आणि घडी पडणार नाही असं जपून ते पान पिशवीत ठेवून तो गेला.

पुस्तक निघालं. मोठा गाजावाजा झाला नाही. सरांच्या एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून, विचारांचं गांभीर्य गेलं म्हणून हळहळ व्यक्त केली. छकुलीने ती शांतपणे ऐकून घेतली आणि आपल्याला किती राग येतो आहे तेही बघितलं. बराच येत होता. पण प्रकाशक आठवड्या-पंधरवड्याने सांगत राहिला, की दुकानांतून प्रती परत येत नाहीत. आणि सरांना व्यायामासाठी ज्या दवाखान्यात नेत, तिथल्या बाकावर एकदा एक बाई प्रवेशिका वाचताना दिसली. मांडीवर पायाला बँडेज बांधलेला मुलगा झोपलेला. तिने एक पान वाचलं, पुस्तक उलटं ठेवलं आणि समोरच्या खिडकीतून बाहेर बघत बसली. सरांनी छकुलीचा दंड दाबला. लेखक हेच, असं त्या बाईला सांगावं का, हे छकुलीने नजरेनेच विचारलं. सरांनी मान हलवली. नको. बघू दे तिला.

सगळ्यांत उशिरा पुस्तक वाचायला घेतलं ते आईने. मटार सोलता सोलता, चष्मा नाकावर ओढून, रोज थोडं थोडं. कुणी काही विचारलं तर बोट ओळीवर ठेवून उत्तर द्यायची. छकुली लांबून बघायची, काही बोलायची नाही. एका संध्याकाळी आई मटारांचं पातेलं बाजूला सारून सरांसमोर येऊन बसली, कमरेवर हात.

“अहो, हे तुम्ही लिहिलंत?”

सर सावध झाले.

“‘राग आला की तो आलेला बघा. त्याच्या मागे धावू नका.’ हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? आणि रुमाल जागेवर सापडला नाही, की घर डोक्यावर घेत होतात, ते काय होतं मग?”

सरांचे खांदे हलू लागले. छकुलीला वाटलं, काहीतरी होतंय, ती धावली. तर सर हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदा, तोंड एका बाजूला झुकलेलं, डोळ्यांतून पाणी. आईही हसायला लागली आणि हसता हसता तिने पदराने त्यांचे डोळे टिपले, मग स्वतःचे.

“थट्टा पुरे,” ती म्हणाली. “आता मला एक खरं विचारायचं आहे. राग आला की बघा म्हणता. पण मला तो येताना दिसतच नाही. आधी भांडं आपटल्याचा आवाज येतो, मग कळतं, की राग आला होता. तोवर तर तो होऊनही गेलेला असतो. माझ्यासारखीने काय करायचं?”

छकुलीला उत्तर ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं.

“तू थांब,” आई म्हणाली. “मी त्यांना विचारलंय.”

सरांनी आईकडे बघितलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर घाम आला. आईने घाई केली नाही. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, तिला जणू दुसरं कामच नव्हतं.

“ते...” सर म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मग, “तेही... चालेल.”

छकुलीने टेबलाची कड घट्ट धरली. आईने मात्र आश्चर्य दाखवलं नाही. तिने ते उत्तर मनाशी घोळवून पाहिलं, आणि तिचा चेहरा सैल झाला.

“मागाहून कळलं तरी चालेल?”

डावा हात वर गेला.

“मग हे आत का नाही लिहिलं?” आईने छकुलीकडे वळून विचारलं. “माझ्यासारख्या किती असतील!”

“आई, पुस्तक छापून झालंय.”

“त्याला काय होतंय,” आई म्हणाली. तिने टेबलावरची छकुलीची पेन्सिल उचलली, ते पान उघडलं आणि रागाच्या त्या ओळीखाली, मटारांनी हिरव्या झालेल्या बोटांनी, एकेक अक्षर जपून लिहिलं. सर खुर्चीत पुढे झुकून, ते पुरं होईपर्यंत बघत राहिले.